वाद सोडलेला माणूस

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता जुनी कागदपत्रं समोर आल्याशिवाय नीट आठवत नाहीत. हे एक मात्र कागदाशिवाय, तासांच्या हिशेबासकट आठवतं. आणि गंमत अशी की त्यात गुन्हाच नव्हता. निदान कलम लावता येईल असा गुन्हा नव्हता.

माझी सेवानिवृत्ती दीड-दोन वर्षांवर आली होती. लोणावळ्याच्या हद्दीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडे शनिवार-रविवार म्हणजे लढाईच. गाड्यांच्या रांगा, हरवलेले मोबाइल, चुकलेली मुलं, दारू पिऊन रस्त्यावर आलेली पाहुणेमंडळी. त्यामुळे सोमवार हा ठाण्याचा श्वास घ्यायचा दिवस. पोरं दोन दिवसांच्या बंदोबस्तानं आंबलेली असायची आणि मी राहिलेलं दप्तर ओढत बसायचो. अशाच एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला सोमाटण्याहून एक बाई आल्या. दिवस भातकापणीचे होते. बाई पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ठाणे अंमलदारानं बेपत्ताची वही पुढे ओढली. त्यांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

"कोण बेपत्ता आहे?"

"नाव माहीत नाही."

"राहतात कुठं?"

"खंडाळ्याच्या बाजूला. नेमकं ठिकाण माहीत नाही."

"तुमचे कोण लागतात?"

"कुणी नाही. आमचा रोज वाद होतो."

अंमलदारानं पेन खाली ठेवलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. मीही हसलो असणार. बाईंना आत बोलावलं ते थोडं कुतूहलानं आणि बरंचसं कटकट लवकर मिटावी म्हणून.

बाईंनी सांगितलेली हकिकत अशी. मावळातल्या लोकांचा मोबाइलवर एक सार्वजनिक गट होता. तिथं पाणी, कचरा, गाड्या, लोकलच्या वेळा, निवडणुका, भाववाढ, सगळ्यावर लोक तावातावानं लिहायचे. बहुतेक जण टोपणनावानं. तिथं 'घाटमाथा' नावानं लिहिणारा एक माणूस होता. दोन वर्षं तो आणि बाई रोज एकमेकांचे मुद्दे खोडत होते. बाईंचं टोपणनाव 'साधा प्रश्न'. त्या बाई आहेत हेही त्याला ठाऊक नव्हतं, तो त्यांना 'गुरुजी' म्हणायचा.

"साहेब, आम्ही बौद्ध," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला गावजेवणाच्या पंगतीवरून त्यांनी एक वाक्य असं लिहिलं की मला लागलं. मी सडेतोड उत्तर दिलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. तीन महिन्यांनी आपणहून लिहिलं, 'गुरुजी, त्या दिवशी मी चुकलो होतो. पण टोलच्या बाबतीत तुम्ही अजून चुकताय.' दोन वर्षांत घेतलेली ही एकच माघार. तीन महिने विचार करून."

"मग आता काय झालं?"

बाईंनी फोन पुढे केला. शुक्रवारी त्या माणसानं त्यांना लिहिलं होतं : 'गुरुजी, पाण्याच्या विषयात तुमचंच बरोबर होतं. यापुढे हा विषय तुम्ही बघा. वरच्या आळीला अजून एक दिवसाआड येतं, तेवढं ध्यानात ठेवा.'

"बरंच झालं की," मी म्हणालो. "जिंकलात तुम्ही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत असतो तर बाकावर उभा राहिलो असतो. "साहेब, नळाला पाणी सकाळी यावं की संध्याकाळी, एवढ्यावरून हा माणूस माझ्याशी अकरा दिवस भांडलाय. तो एका ओळीत हरत नाही. मी तीनदा विचारलं, बरे आहात ना? उत्तर नाही. त्यांचं काहीतरी बिनसलंय."

खरं सांगायचं तर मोबाइलवर भांडणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं. रिकामा न्हावी अन् भिंतीला तुंबड्या लावी, एवढंच. पण फोन चोरीला गेला असेल किंवा कुणी धाक दाखवून तोंड बंद केलं असेल, ही शक्यता होती. नाव-पत्त्याशिवाय बेपत्ता नोंदवता येत नाही. मी सायबर सेलला पत्र तयार करायला सांगितलं. त्याचं उत्तर यायला किती दिवस लागतात ते मला माहीत होतं. दरम्यान एका शिपायाला त्या गटातलं जुनं लिखाण चाळायला बसवलं, आणि अर्ध्या तासात हवं ते सापडलं. एका माणसानं पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं : 'म्हाताऱ्या, एकदा घाटात भेट, मग तुला दाखवतो.'

पोलिसाचा हात ओरडणाऱ्याच्या कॉलरकडे आधी जातो. माझाही गेला.

हा माणूस सापडायला मुळीच कठीण नव्हता. पर्यटकांना फिरवणारी त्याची गाडी होती आणि भाडं मिळावं म्हणून त्यानं स्वतःचा नंबर जागोजाग टाकलेला होता. वय पस्तीसच्या आसपास. मूळचा आंबीचा, शेतकऱ्याच्या घरचा. दहा वाजता तो ठाण्यात हजर झाला. चौकशीसाठी आलेल्या माणसाचा फोन दारातच काढून घ्यायचा, ही आमची पद्धत. शिपायानं फोन आणून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. बाईंना मी घरी जायला सांगितलं. त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

त्या माणसाला मी दोन वाजेपर्यंत उभा ठेवला. हात उगारला नाही, पण तोंडानं जेवढं करता येतं तेवढं केलं. धमकी कबूल आहे का? घाटात बोलावलं होतंस का? शुक्रवारी कुठं होतास?

"साहेब, लिवलं मी, न्हाई म्हनत न्हाई," तो म्हणाला. "तितं समदेच तसं लिवत्यात. त्यांनी शनवार-रविवार आमच्या गाड्या बंद करा म्हनून लिवलं. माझं पोट हाय त्याच्यावर. राग आला, लिवलं. पर आबांना काय झालंय त्ये तर सांगा."

चौकशीचा माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो, की गुन्हेगार आधी 'तक्रार कुणी केली?' असं विचारतो. या माणसानं चार तासांत सहा वेळा 'आबांना काय झालंय?' असंच विचारलं. ज्याला कधी पाहिलंही नव्हतं आणि 'म्हाताऱ्या' लिहिलं, त्याला तो आबा म्हणत होता, हेही मला ऐकू आलं होतं. पण मी ते नाटक समजलो. डोक्यात एकदा आरोपी बसला की कान कामातून जातात.

दोन वाजता आमच्या महिला हवालदार चहा घेऊन आत आल्या. तेव्हा तो त्यांना म्हणाला, "मॅडम, माझा फोन तरी बघा की. आबांनी मला एकट्याला परवा मेसेज केलाय. सकाळपास्नं सांगतोय, कोन ऐकत न्हाई."

तो खरंच सांगत होता. मी दर वेळी 'फोनचं नंतर' म्हणून त्याला गप्प केलं होतं. चार तास पुरावा माझ्याच ड्रॉवरमध्ये, माझ्या गुडघ्याला लागून पडला होता.

फोन उघडला. मजकूर असा होता : 'बाळा, तुझ्या पोटावर उठलो, माझं चुकलं. पार्किंगचा विषय आता तुझ्याकडे. वळणावरच्या मोरीपाशी माणसं उतरवत जाऊ नकोस, तिथली कड आतून पोकळ आहे.'

हवालदारबाईंनी बाहेर बसलेल्या शिक्षिकेचा फोन मागून आणला आणि दोन्ही फोन माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही मजकूर त्यांनी दोनदा वाचले. त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, हा माघार घेत नाहीये. हा चार्ज देतोय."

"म्हणजे?"

"माझे वडील रेल्वेत होते. पावसाळ्यात घाटात दरड बघत रुळावरून फिरायची ड्यूटी. प्रत्येकाला आपापला टप्पा असतो. टप्प्याच्या टोकाला पुढचा माणूस भेटला की वही द्यायची, कुठं दगड हललाय, कुठं कड पोकळ झालीय ते सांगायचं आणि मग निघायचं. सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. हे बघा, पाणी यांच्याकडे दिलं, वर कुठं लक्ष ठेवायचं ते सांगितलं. गाड्या याच्याकडे दिल्या, कड पोकळ आहे सांगितलं. साहेब, हा घाटातला माणूस आहे, आणि हा निघालाय."

मी बाईंना आत बोलावलं. "हे गृहस्थ कोणकोणत्या विषयांवर भांडायचे?"

"मुख्य चारच. पाणी, पार्किंग, कचरा आणि लोकलच्या वेळा. कचऱ्याचं त्यांनी काल खंडाळ्यातल्या हॉटेलात काम करणाऱ्या एका बाईंना लिहिलंय, तुम्हीच बघा म्हणून."

"आणि लोकल?"

बाईंनी फोनवर बोट सरकवलं. लोकलचा विषय अर्ध्या तासापूर्वी तळेगावच्या एका गृहस्थांकडे सोपवला होता. खाली एक ओळ जास्तीची होती : 'आता माझ्याकडे काही राहिलं नाही. सर्वांना नमस्कार.'

मी आयुष्यात पुष्कळ प्रेतं पाहिली आहेत, पण ती ओळ मला दुसऱ्यांदा वाचवेना. सकाळी नऊ वाजता ही बाई मला हेच सांगत होती आणि मी तिचं अभिनंदन केलं होतं.

हवालदारबाईंनी तोवर वडिलांना फोन लावला होता. घाटात गस्त घातलेला, लिहिण्या-वाचण्याचा नाद असलेला, एकटा राहणारा कुणी? त्यांना आठवायला एक मिनिटही लागलं नाही. "डबा खाताना पन पुस्तक वाचायचा त्यो? त्याची बायको मागंच गेली. मूलबाळ न्हाई. डोळ्यानं लय अधू झालाय म्हनत्यात." घर कुठं, तेही सांगितलं.

जीप काढली. शिक्षिका न विचारता मागे बसल्या, त्यांच्या शेजारी तो गाडीवाला. नियमात बसत नव्हतं, पण उतरवण्यात वेळ घालवला नाही.

आबांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आबा व्हय? किल्ली दिऊन गेलं की मगाशी. म्हनलं, तुळशीला पानी घालत जा. इस्तरीचा सदरा घातलता. मी म्हनलं लग्नाला निघालाव का, तर नुस्तं हसलं."

"मावशी, कुठल्या बाजूला गेले?"

"त्यी काय, रुळाच्या वरची वाट. रोज जात्यात."

"साहेब, ती वाट मला म्हाईत हाय," गाडीवाला म्हणाला. "जीप जायची न्हाई." आणि तो पळत सुटला. ज्याला मी चार तास उभा ठेवला होता, तो माणूस माझ्यापुढे कारवीच्या झुडपांतून वाट काढत पळत होता, आणि मी साहेब मागे धापा टाकत होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा आबा कडेच्या एका खडकावर दरीकडे तोंड करून बसले होते. वाळका, ताठ माणूस. गाडीवाला त्यांच्यापासून दहा हातांवर जमिनीवर बसला होता, हात जोडून. खाली रूळ दिसत होते.

मी वर्दीतला माणूस. वर्दीतलंच बोललो. "आबा, इकडं या. आम्ही पोलीस आहोत."

"मंग?" ते मान न वळवता म्हणाले. "काय गुन्हा केलाय मी? बसायला पन परवानगी लागती का आता?"

तेवढ्यात शिक्षिका वर आल्या. दम लागलेला, साडीचा काठ काट्यांनी फाटलेला. त्यांनी एक मिनिट श्वास घेतला आणि वर्गात बोलतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "घाटमाथा, पाण्याचा चार्ज मी घेतलेला नाही."

आबांनी मान वळवली. डोळे बारीक करून ते आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. "कोन?"

"साधा प्रश्न."

"गुरुजी?" ते गोंधळले. "तुमी... बाईमानूस?"

"हो. आणि मी चार्ज घेतलेला नाही. तुम्ही लिहिलंत, मी 'हो' म्हटलेलं नाही. घेणारा माणूस हो म्हणत नाही तोवर जागा सोडता येते का? तुमच्या नोकरीत चालायचं का असं?"

आबांनी खाली रुळांकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई चालायचं."

"मीबी न्हाई घेतला," गाडीवाला खालूनच म्हणाला. "मला न्हाई जमायचं पार्किंगचं. मी निस्ता शिव्या देतो, आबा. मुद्दं तुमच्याकडं असत्यात."

आबांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की हुंदका, मला कळलं नाही. मग ते बोलायला लागले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, फार उशिरा. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यालाही मोबाइलवरचं अक्षर आता जेमतेम दिसत होतं. "मरनाचं भ्या न्हाई मला," ते म्हणाले. "पर वाचता न्हाई आलं तर बोलू कुनाशी? घरात चार भिंती. भिंत काय उलट बोलती का?"

"आबा, फोन वाचून दाखवतो की," गाडीवाला म्हणाला. "आपून बोललं की त्यो लिवतो बी. मी गाडी चालवताना तसंच लिवतो. शिकवतो तुमाला."

"गाडी चालवताना लिवतोस?" आबा एकदम कडाडले. "घाटात? अक्कल हाय का तुला?"

शिक्षिकांनी तोंडावर पदर धरला. रडत होत्या त्या. गाडीवाला उठून आबांजवळ गेला आणि त्यांचा हात धरला. आबा त्याला रागावत रागावतच कडेवरून मागे आले.

पुढचं सगळं रीतसर. स्टेशन डायरीला नोंद घेतली. अशा माणसावर गुन्हा दाखल करायचा नसतो, त्याला उपचार द्यायचे असतात. आम्ही त्यांना पुण्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. गेलेली नजर परत आली नाही, पण उरलेली काही काळ तरी टिकेल असं त्यांनी सांगितलं. तपासणीला दर महिन्याला त्यांना गाडीवालाच न्यायचा. त्याची मी ठाण्यात सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊंद्या साहेब, पर पुढच्याचा फोन आदी बघत जावा." त्या दिवसापासून आमच्या ठाण्यातली ती पद्धत मी बदलली. फोन काढून घ्यायचा, पण माणसासमोर टेबलावर ठेवायचा आणि त्यात काय आहे ते त्यालाच आधी विचारायचं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. धमक्या देणारा माणूस बहुतेक वेळा उद्याही तिथंच असतो, उद्याही धमक्या देणार असतो. पण हट्टी माणूस एकाएकी सगळ्यांना 'तुमचंच बरोबर' म्हणायला लागला, की त्याचं दार त्याच दिवशी वाजवावं. नातेवाइकांना हे बहुधा कळत नाही, त्यांना वाटतं म्हातारा निवळला. रोज भांडणाऱ्याला कळतं.

आठवड्यानं मी हवालदारबाईंना घेऊन आबांकडे जबाब घ्यायला गेलो. त्यांनी स्वतः चहा टाकला, हातानं चाचपत. कप पुढे करताना म्हणाले, "साहेब, आपली वळख जुनीच हाय."

"ती कशी?"

"दोन वर्सांच्या वर झालं. मी आलतो तुमच्याकडं. वळणावर गाड्या लावत्यात, कड पोकळ झालीय, एक दिस मानसं जात्याल, म्हनून अर्ज घिऊन. तुमी कायतरी लिवत हुता. वर न बघताच म्हनला, आबा, हे आमचं काम न्हाई, बांधकाम खात्याकडं जावा. तितनं मला नगरपालिकेत धाडलं. तितनं पुन्ना तुमच्याकडं. मंग शेजारच्या पोरानं ह्यो फोनातला कट्टा दाखवला. म्हनलं, हितं निदान लोक उलट बोलत्यात तरी."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवेना. असे किती जण येऊन गेले असतील, देव जाणे. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी तिथं बोलून दाखवली. त्यांनी हात झटकला. त्यांना माझी लाज नको होती.

मी जबाबाचे कागद बाजूला ठेवले, टोपी काढली आणि म्हणालो, "आबा, तो अर्ज आत्ता सांगा. ऐकतो."

ते तासभर बोलले. कुठल्या वळणावर पाणी कुठून झिरपतं, कोणत्या मोरीत दगड अडकलेत, गाड्या कुठं उभ्या राहाव्यात. हवालदारबाई लिहून घेत होत्या. शेवटी ते म्हणाले, यावर एकच उपाय, शनिवार-रविवार बाहेरच्या सगळ्या गाड्या खालीच अडवायच्या.

मी मान डोलावणार होतो. जुनी सवय, हो म्हणायचं आणि उठायचं. पण थांबलो.

"आबा, हे मला पटत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि बाह्या सरसावत म्हणाले, "का न्हाई पटत? सांगा!"